आधी झील, मग गाणं : सोलापुरात शाळेनंतरच्या वर्गात मुलांना लोकसंगीत शिकवताना

पहिल्या दिवशी मी मुलांना विचारलं, "लोकगीत कुणाला येतं?" चटईवर वीस-बावीस पोरं बसली होती. एकाचाही हात वर आला नाही. मग विचारलं, "घरी विड्या वळताना कोण गुणगुणतं?" पाच-सहा हात वर. "हदग्याला कोण जातं?" बऱ्याच मुली. "आणि बतुकम्माला?" (तेलुगू घरांतला फुलांचा, फेराच्या गाण्यांचा सण.) यावर मागच्या दोन रांगा उभ्याच राहिल्या. एक मुलगी म्हणाली, "सर, ते गाणं थोडीच असतंय, ते तर आमची नानम्मा म्हणतीया." नानम्मा म्हणजे तेलुगूत आजी.

माझा वर्ग तिथून खऱ्या अर्थानं सुरू झाला. शाळा सुटल्यावर मुलांना लोकसंगीत शिकवू पाहणाऱ्या नव्या माणसासाठी हा लेख लिहितो आहे. तुम्ही शिक्षक असाल, कॉलेजात शिकणारे असाल, भजनी मंडळात टाळ धरणारे असाल किंवा आपल्या गल्लीतल्या पोरांसाठी काही करावंसं वाटणारी एखादी ताई असाल. गाण्याची पदवी लागत नाही. कान लागतो, आणि दर आठवड्याला ठरल्या वेळी दार उघडायची तयारी लागते.

झीलकऱ्याची जागा

आपल्या लोकसंगीतात नवख्याला कुठं उभं करायचं हे आधीच ठरलेलं आहे. पोवाड्यात शाहीर पुढं असतो, मागे झीलकरी साथीला 'जी जी रं जी' ओढतात. हीच झील. गोंधळात मुख्य गोंधळी देवदेवतांना आवतण देतो आणि साथीदार 'गोंधळाला ये' म्हणत ओळ उचलून धरतात. भारुडात, भजनात धृपद सगळ्यांचं असतं. बतुकम्मा म्हणताना एक बाई ओळ सांगते आणि बाकीच्या 'उय्यालो' म्हणत टाळी देतात. म्हणजे गाणं मुळातच दोन भागांत वाटलेलं आहे. एक भाग येणाऱ्याचा आणि एक भाग शिकणाऱ्याचा.

गोंधळ्याचं पोर वर्षानुवर्षं झील ओढतं, तुणतुणं धरतं, दिवटीत तेल घालतं, आणि एक दिवस पुढं उभं राहतं. त्याला कुणी 'पहिली ओळ पाठ कर, दुसरी पाठ कर' असं सांगत नाही. पुढच्याचं कथन दरवेळी कानावर पडत राहतं आणि आपोआप मुरतं. शाळेनंतरच्या वर्गातही हीच रीत धरा. एवढं एक सूत्र पाळलं तर बाकी पुष्कळ चुका सावरून घेता येतात.

माझं पहिलं वर्ष याच्या उलट गेलं. मी हार्मोनियम घेऊन बसलो, फळ्यावर शब्द लिहिले, मोबाईलवर तयार संगीत लावलं आणि मुलांकडून अख्खं गाणं पाठ करून घेतलं. महिन्याभरात निम्मी मुलं गळाली. राहिलेली सुरात होती, पण फळा पुसला की गप्प व्हायची. दुसऱ्या वर्षी फळा वापरलाच नाही.

जागा, वेळ, परवानग्या

हे थोडक्यात सांगतो, पण टाळू नका.

आठ ते तेरा या वयाची पंधरा ते वीस मुलं पुरेत. पंचविसाच्या वर गेलात तर दुसरा माणूस हवाच. आठवड्यातून दोन दिवस, दरवेळी पाऊण ते एक तास. शाळा पाचच्या सुमारास सुटते आणि मुलं भुकेली असतात, तेव्हा आधी मूठभर फुटाणे-गूळ किंवा शेंगदाणे द्या. उपाशी पोर झील ओढत नाही, ते भांडतं. मार्चपासून शाळा सकाळच्या होतात आणि एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं पारा बेचाळीसच्या पुढं जातो. पत्र्याच्या खोलीत दुपारी वर्ग घेऊ नका. त्या दिवसांत सकाळी सातला नाहीतर ऊन उतरल्यावर अंगणात बसा. डिसेंबर-जानेवारीत सहा-सव्वासहाला अंधारून येतं. मुलींना उजेडात घरी पोचता येईल असं बघा, नाहीतर गल्लीगल्लीप्रमाणे गट करून मोठ्या माणसाबरोबर पाठवा.

पालकांची लेखी संमती घ्या. त्यात मुलाला न्यायला कोण येणार, घरचा फोन, काही आजार असेल तर तो, आणि आवाज किंवा चित्रण केलं तर चालेल का, एवढं असू द्या. खोलीत कायम दोन मोठी माणसं हवीत. बाहेरचा कलाकार येईल तेव्हाही मुलांना एकट्याजवळ सोडायचं नाही, मग तो कितीही ओळखीचा असो. कलाकाराला हे आधीच मोकळेपणानं सांगा. मला आजवर कुणाला त्याचं वाईट वाटलेलं दिसलं नाही.

जवळ दवाखाना, शाळा किंवा कोर्ट असेल तर त्याभोवतीचे 100 मीटर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर झालेले असू शकतात, हे लक्षात असू द्या. शेजारी रात्रपाळी करून झोपलेला कामगार असतो. पहिल्याच आठवड्यात शेजारच्या चार घरांत जाऊन सांगून या. त्यातल्याच एका घरातून मला पुढं अप्रतिम ओव्या मिळाल्या.

पहिले तीन आठवडे : गाणी गोळा करा

काय शिकवायचं हे तुम्ही ठरवून जाऊ नका. मुलांना घरून आणू द्या.

सोलापूरच्या एका वर्गात चार भाषा बसलेल्या असतात. मराठी आहेच. पूर्व भागातल्या पद्मशाली विणकरांच्या घरी तेलुगू, लिंगायत आणि इतर कित्येक घरांत कन्नड, मुसलमान घरांत दखनी. शाळेत मूल मराठी बोलतं, पण गाणं घरच्या भाषेत ऐकतं. आपण 'मराठी लोकगीत' एवढंच म्हणत राहिलो तर निम्म्या वर्गाला वाटतं, आपल्याकडं द्यायला काही नाही. म्हणून मी असं सांगतो : घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाकडून एक गाणं आणायचं. आजी, अज्जी, नानम्मा, दादी, जी असेल ती. भाषा कुठलीही चालेल. पूर्ण येत नसेल तर एकच ओळ आणा.

वहीत चार गोष्टी टिपायला लावा. कुणी म्हटलं, ते कुठल्या गावचं, गाणं कधी म्हणतात, आणि म्हणताना हात काय करत होते. हा शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. जात्यावरच्या ओवीची लय जात्याच्या खुंट्यात असते, पाळण्याची दोरीत, भलरीची पात धरून चाललेल्या कापणीत. हात काय करत होते हे कळलं की लय कशी शिकवायची तेही कळतं. जात किंवा पोटजात लिहून घेऊ नका. गाणं कुठून आलं हे गावाच्या नावावरून पुरेसं कळतं.

आवाज टिपायचा तर आजीला विचारूनच. काहीजणी फोन समोर धरला की थांबतात. अशा वेळी मुलानं ऐकून शिकून यावं, तेच उत्तम.

मागच्या वर्षी माझ्याकडं जे आलं ते सांगतो : हदग्याची पाच-सहा गाणी, बतुकम्माची दोन, अक्कलकोटकडच्या एका अज्जीकडून लग्नातलं कानडी सोबाने पद, हळदीत ढोलकीवर म्हणायचं एक दखनी गाणं, जात्यावरच्या ओव्या, पाळणा, वारीतली गौळण, दोन भीमगीतं, आणि सांगोल्याकडून शहरात आलेल्या एका घरातली धनगरी ओवी. एका मुलानं सिनेमातलं गाणं आणलं, कारण त्याच्या आजोबांना तेच येत होतं. तेही वहीत लिहून घेतलं. पोराला परत पाठवायचं नाही.

ओव्या फार हलक्या हातानं हाताळा. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या 1 लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. त्यातल्या पुष्कळ आज इंटरनेटवर म्हणणाऱ्या बाईच्या नावागावासकट ऐकायला मिळतात. मुलांना त्यातल्या दोन-चार जरूर ऐकवा. आपल्या आजीसारख्याच बाईचं नाव, गाव, फोटो तिथं बघून मुलांच्या चेहऱ्यावर काय येतं ते बघण्यासारखं असतं.

एक तास कसा घालवायचा

चालणं. सुरुवातीची दहा मिनिटं गोलात चालायचं. तोंडानं काही नाही, फक्त पावलं. मग एका पावलावर टाळी. मग दोन पावलांनंतर एक टाळी. लोकगीतांतली बरीचशी गाणी आठ किंवा सहा मात्रांत बसतात. मुलांना 'मात्रा' हा शब्द पहिल्या दिवशी नको. आठाला 'चालायची लय' म्हणा आणि सहाला 'झुलायची लय'. पाळणे आणि फेराची पुष्कळ गाणी झुलतात, पोवाडा आणि लेझीम चालतात.

आपल्याकडं यासाठी आणखी एक साधन आहे, माग. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरी नाहीतर शेजारी माग चालतो. पॉवरलूमची खटखट गाण्याला फार घाईची पडते, पण हातमागाची लय बरोबर चालीला लागते. आडवा धागा नेणारा धोटा इकडून तिकडं, फणीचा ठोका, पाय दाबला, परत धोटा. एका मुलाच्या आजोबांनी आम्हाला मागावर बसून हे दाखवलं आणि मुलांनी तिथल्या तिथं त्यावर ओळ बांधली :

सोलापूरच्या मागावर
धोटा पळतो सरसर
जी जी रं जी, जी जी रं जी

यात प्रत्येक ओळीला चार टाळ्या पडतात. 'सोला', 'पूरच्या', 'मागा', 'वर'. 'धोटा', 'पळतो', 'सर', 'सर'. पहिल्या दिवशी एवढंच करा. तुमच्या वर्गाची ओळ तुमच्या गल्लीतून निघेल. विडीवर निघेल, कडक भाकरीवर निघेल.

झील. पुढची पंधरा मिनिटं गाणं तुम्ही म्हणायचं, मुलांनी फक्त झील ओढायची. गाण्याची पहिली ओळसुद्धा त्यांना म्हणायला सांगू नका. मुलं दोन गटांत बसवा. एक गट झील ओढतो तेव्हा दुसरा टाळी देतो, मग उलट. झील ओढणं दिसतं तेवढं सोपं नसतं. पुढच्याचा श्वास संपायच्या आत उचलावी लागते, नाहीतर गाणं खाली पडतं. हा खेळ मुलांना फार आवडतो. मी मुद्दाम मधेच थांबतो, कुणी पडू दिलं ते बघतो.

आवाजाच्या पट्टीकडं इथं लक्ष द्या. पुरुष शिक्षक आपल्या सोयीच्या पट्टीत गातो आणि मुलं एकतर खाली घोगरी होतात नाहीतर वर किंचाळतात. हार्मोनियम असेल तर मधल्या सप्तकातल्या काळी एक ते काळी तीन यांच्यामध्ये कुठंतरी सा धरून बघा. गाण्याचा सर्वांत वरचा सूर घेताना मुलांच्या मानेच्या शिरा ताणल्या, तर अर्धा सूर खाली या. शाहिरी बाज म्हणजे ओरडणं असा मुलांचा समज असतो. त्यांना सांगा, हाक मारल्यासारखं म्हणायचं, भांडल्यासारखं नाही. गल्लीच्या टोकाला असलेल्या मित्राला हाक मारताना पोटातून जो आवाज निघतो तोच हवा. बारा-तेराच्या मुलांचा आवाज फुटू लागतो. त्यांना इतर कुणाला हसू देऊ नका. तेवढे महिने त्यांच्या हातात वाद्य द्या आणि खालच्या सुरात झील ओढू द्या.

ओळ. महिन्याभरानं एखादं पोर आपणहून तुमच्याबरोबर मुख्य ओळ म्हणायला लागतं. त्याला तिथंच पुढं बोलवा. पुढं आलेल्या मुलाला शब्द चुकवायची मुभा असते. मागचे झीलकरी त्याला सावरतात.

गोष्ट. शेवटची दहा मिनिटं गाण्यामागची गोष्ट सांगायची. भारुडातला विंचू म्हणजे काय, खंडोबाच्या दोन बायका कोण, दिवटी कशाला पेटवतात. मुलं प्रश्न विचारतात. उत्तर माहीत नसेल तर ते आजीला विचारायचं काम म्हणून घरी पाठवा.

वाद्यं कुठल्या क्रमानं द्यायची

आधी टाळ्या, मग टाळ, मग चिपळ्या आणि खंजिरी. पहिले तीन महिने एवढ्यावर चालतं. भजनी मंडळाकडं जुने टाळ पडून असतात, मागितले तर मिळतात. टाळ ही सोपी चीज नाही. वीस मुलांचे टाळ एकाच क्षणी वाजायला दोन महिने लागतात, आणि ते वाजले की खोलीचं देऊळ होतं.

तुणतुणं मुलांना घरी करू द्या. पत्र्याचा किंवा प्लॅस्टिकचा डबा, बांबूची काठी, वर पिळायला खुंटी, एक तार. खऱ्या तुणतुण्याला तळाशी चामडं असतं. डब्याच्या तळाला जाड कागद ताणून बसवला तरी आवाज येतो. तारेचं टोक दुमडून त्यावर चिकटपट्टी लावा, बोटं कापतात. एक तार आणि एक सूर, त्यामुळं मुलाला सा म्हणजे काय ते बोटाला कळतं.

दिमडी बोटांनी वाजते, आकारानं लहान असते, मुलांच्या हाताला बरोबर बसते. ती विकत घेताना विचारून घ्या. पूर्वी दिमडीला घोरपडीचं कातडं लावत. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं घोरपडीला पूर्ण संरक्षण आहे, तेव्हा शेळीच्या कातड्याची किंवा फायबरची दिमडी घ्या. मुलांना यामागचं कारणही सांगा.

हलगी सगळ्यांनाच पहिल्या दिवशी हवी असते. ती पहिल्या सहा महिन्यांत देऊ नका. हलगी खांद्याला अडकवून वाजवतात. एका हातात बारीक लांब काडी आणि दुसऱ्यात आखूड जाड टिपरू असतं, आणि दोन्ही हात वेगळं बोलतात. त्याआधी मांडीवर दोन बोटांनी तो सराव करून घ्या. बंद खोलीत एका वेळी एकच हलगी. आवाज इतका मोठा असतो की शेजारी बसलेल्या मुलाच्या कानाला इजा होऊ शकते. उघड्या मैदानात शिकवणं सगळ्यात बरं. चामड्याची हलगी वाजवण्याआधी शेकावी लागते, पावसाळ्यात तर दर थोड्या वेळानं. शेकोटीजवळ मोठ्यानंच जायचं. पावसाळ्यापुरती फायबरच्या पानाची हलगी ठेवली तर ही कटकट वाचते, आवाजाचा गोडवा मात्र थोडा कमी होतो.

संबळ मी शिकवत नाही. तो गोंधळ्यानं शिकवावा. दोन लहान-मोठी भांडी कमरेला बांधून, एक काडी टोकाला वाकडी, अशा थाटात तो वाजताना मुलांनी समोर बसून बघावा, आणि ज्याला ओढ लागेल त्यानं त्या माणसाकडं जावं.

कलाकाराला बोलावताना

तुळजापूर आपल्यापासून तासाभराच्या अंतरावर. गोंधळी, आराधी यांची परंपरा तिथं आजही जिवंत आहे. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात. भजनी मंडळं तर प्रत्येक पेठेत आहेत. इथल्याच बाळे गावच्या खंडोबाला वाघ्या-मुरळी भेटतात. म्हणजे माणसं शोधायला लांब जावं लागत नाही. अडचण आपल्या वागण्यात असते.

एका कार्यक्रमात मी पाहिलं : गोंधळ्याला तीन तास बसवून ठेवलं, पाहुण्यांची भाषणं झाली, आणि मग त्याला 'पाच मिनिटांत आटपा' सांगितलं. तो मांडणी करून, आवतण देऊन, कथेला सुरुवात करणार तोच माईक बंद. मुलं समोर बसलेली होती. मुलांनी त्या दिवशी जे शिकायचं ते शिकलीच.

तुमच्या वर्गात असं करू नका. आधी त्यांच्या घरी जा, चहा घ्या, वर्ग कशासाठी चालतो ते सांगा. यायचा-जायचा खर्च आणि मानधन आधी ठरवा आणि त्याच दिवशी हातात द्या. 'मुलांसाठी आहे, सेवा समजा' म्हणू नका. त्यांचं पोट त्याच कलेवर आहे. वर्ग फुकट चालत असेल तर वर्षातून दोनच कलाकार बोलवा, पण मान राखून. त्यांना अख्खा तास द्या. मुलांनी आधीच झील शिकून ठेवलेली असू द्या. कलाकारानं ओळ टाकली आणि समोरून वीस कोवळे आवाज झील घेऊन आले, तर त्याचा चेहरा बदलतो आणि पुढचा तास तो कार्यक्रम म्हणून गात नाही, घरचा म्हणून गातो.

एक प्रश्न आवर्जून विचारा : "यातलं काय वर्गात म्हणलेलं चालेल?" गोंधळ हा कुळाचार आहे. काही पदं देवीसमोर मांडणी केल्याशिवाय म्हणायची नसतात असं मानणारी माणसं आहेत. त्यांनी नको म्हटलं तर ते गाणं नको.

जात, देव आणि नको ते शब्द

इथं मला थांबून बोलायचं आहे, कारण नव्या शिक्षकाचा पाय इथंच अडकतो.

हलगी पिढ्यान्‌पिढ्या काही ठरावीक जातींकडून सक्तीनं वाजवून घेतली गेली. गावकीचं काम म्हणून, मान न देता. त्यामुळं काही घरांनी ती विचारपूर्वक सोडली. अशा घरातलं मूल तुमच्या वर्गात असेल आणि त्याचे वडील म्हणाले, 'माझ्या पोराच्या हातात हलगी देऊ नका', तर वाद घालू नका. त्यांचं म्हणणं खरं आहे. दुसरीकडं, वर्गात हलगी वाजवणाऱ्या मुलाला कुणी जातीवरून टोचलं तर तास तिथंच थांबवा आणि त्यावर बोला. मी मुलांना आडनावावरून वाद्य देत नाही. चिठ्ठ्या टाकतो. भजनाचा टाळ आणि हलगी एकाच मुलाच्या हातून वर्षात फिरायला हवी. भीमगीत, अभंग आणि सोबाने पद एकाच वहीत लागोपाठच्या पानांवर असू देत.

पोतराजाची ओळख करून द्या, त्याच्या गाण्याची लय ऐकवा, पण मुलांच्या हातात कोरडा, म्हणजे त्याचा चाबूक, देऊन अंगावर फटके मारायचा अभिनय करून घेऊ नका. टाळ्या पडतात, पण खरा पोतराज पोटासाठी अंगावर वळ उठवून घेतो.

लावणीचं काय, असं पालक विचारतात. शृंगारिक लावणी मुलांसाठी नाही, एवढं सरळ सांगा. पण लावणीचा छंद, तिची ठसकेबाज शब्दकळा मुलांना ऐकू द्यायला हरकत नाही. उत्तर पेशवाईतले शाहीर राम जोशी याच सोलापूरचे. त्यांनी उपदेशपर, आध्यात्मिक रचनाही पुष्कळ केल्या. आपल्या गावात एवढा मोठा शाहीर होऊन गेला हे मुलांना माहीत नसतं. तसेच बार्शीचे शाहीर अमर शेख. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत त्यांच्या पहाडी आवाजानं मैदानं भरत. त्यांचं मूळ नाव मेहबूब पटेल, हे सांगितलं की वर्गातल्या काही मुलांची पाठ ताठ होते.

हदग्याच्या गाण्यांत सासरचा जाच असतो, जात्यावरच्या ओवीत मुलगी झाल्याचं दुःख असतं. तुम्हाला शब्द बदलावेसे वाटतील. बदलू नका. एकतर ते गाणं मोठ्या मुलांसाठी ठेवा, नाहीतर जसं आहे तसं म्हणा आणि मग मुलींना विचारा, 'आजीनं हे कुणाला उद्देशून म्हटलं असेल?' नवीन ओवी रचायची मोकळीक मात्र पूर्ण द्या. एका मुलीनं आपल्या आईच्या विड्यांच्या पाटीवर ओवी रचली. ती म्हणताना आई दारात उभी होती.

वर्षाचं वेळापत्रक आपलं गाव देतं

अभ्यासक्रम कागदावर आखत बसू नका. सोलापूरचं वर्षच गाण्यांनी आखलेलं आहे.

जूनमध्ये वर्ग सुरू करा. आषाढीला ज्ञानेश्वरांची पालखी माळशिरसवरून आणि तुकोबांची अकलूजवरून आपल्या जिल्ह्यातूनच पंढरपुराला जाते. तेव्हा टाळ, गौळण, भारूड. भाद्रपदात गणपतीसाठी लेझीम, तीही गाण्याबरोबर. हलगीच्या ठेक्यावर पाय पडायला लागले की लय अंगात उतरते.

सगळ्यात श्रीमंत काळ त्यानंतरचा. हस्त नक्षत्र लागलं की हदगा : पाटावर हत्ती काढायचा, भोवती फेर धरायचा, शेवटी खिरापत ओळखायची. त्याच सुमाराला, सर्वपित्री अमावास्येपासून पूर्व भागात बतुकम्मा. फुलांची उतरंड मधे, भोवती बायकांचा फेर, टाळी आणि 'उय्यालो'. दोन भाषा, दोन समाज, पण रचना एक : मधे काहीतरी सुंदर मांडायचं आणि भोवती फिरत गायचं. मी एका संध्याकाळी दोन्ही एकत्र घेतो. आधी मराठी मुली हदगा शिकवतात, मग तेलुगू मुली बतुकम्मा. मुलगे हत्ती काढतात आणि फुलं रचतात, आणि मग तेही फेरात येतात. कोजागरीच्या सुमाराला सोलापूरहून तुळजापूरला माणसं रात्रभर पायी चालत जातात. मुलांना एवढं चालवू नका, पण रस्त्याच्या कडेला अर्धा तास उभं राहून चालणाऱ्यांची गाणी ऐकवा.

चंपाषष्ठीला बाळ्याला वाघ्या. संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा, नंदीध्वजांची मिरवणूक, 'हर्र बोला हर्र'चा गजर. या गर्दीत मुलांना नेऊ नका. ती घरच्यांबरोबर जातातच. दुसऱ्या दिवशी वर्गात विचारा, वाद्यं कुठली होती, लय कुठली होती, आणि तोंडानं वाजवून दाखवायला सांगा. 12 जानेवारी हा चार हुतात्म्यांचा दिवस. 1931 मध्ये याच दिवशी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना फाशी झाली. पोवाडा रचायला मुलांसाठी याहून जवळचा विषय नाही. त्यांच्या नावाचा चौक रोज येता-जाता दिसतो, नावं वाचलेली असतात. आमच्या मुलांनी आठ कडव्यांचा पोवाडा दोन महिन्यांत रचला. शिवजयंतीला आणि 14 एप्रिलला मग वेगळी तयारी लागत नाही.

कार्यक्रम करायचा तर

करा, पण वर्षात एकदा आणि अंगणात. पहिल्या रांगेत खुर्च्या मांडायच्या त्या आज्यांसाठी. पाहुणे मागे बसतील. फेटे-नऊवारी भाड्यानं आणण्यात पैसे घालवू नका. तेच पैसे कलाकाराच्या मानधनाला लावा. माईक एकच, तोही झीलकऱ्यांसमोर. पुढच्याचा आवाज पोचतो, झील पोचत नाही. स्पर्धांची आमंत्रणं येतील, बक्षिसांची रक्कम मोठी असेल. मी पहिली दोन वर्षं नाही म्हणतो. लग्नात, मिरवणुकीत पैसे घेऊन मुलांना वाजवायला पाठवा असंही कुणी सुचवेल. त्याला कायम नाही म्हणा.

ज्या आजीचं गाणं म्हणायचं तिचं नाव आणि गाव गाण्याआधी मोठ्यानं सांगा. ती समोर असेल तर तिला उठवून पुढं बोलवा. बहुतेकजणी 'मला नाही बाई येत' म्हणतात. मुलांनी झील सुरू करायची आणि थांबायचंच नाही. चौथ्या-पाचव्या आवर्तनाला ती ओळ टाकते.

वर्षअखेरीस वही नीट लिहून काढा. गाणं, म्हणणारी, गाव, हात काय करत होते. दोन प्रती करा, एक वर्गात ठेवा आणि एक शाळेच्या ग्रंथालयात द्या. जूनमध्ये नवी मुलं येतील तेव्हा जुन्या मुलांपैकी एकाला पुढं उभं करा आणि तुम्ही स्वतः मागे नव्या मुलांच्या रांगेत जाऊन झील ओढा.